विश्लेषण : ‘मूळ संख्या नाही’ हे कळलं, पण अवयव सापडायला २७ वर्षं लागली! एका २१ अंकी संख्येची गोष्ट आणि फोनमधलं कुलूप

फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा आणि १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ करा. बऱ्याच फोनवर उत्तर ‘१.४७५७३९५ई२०’ असं अर्धवट दिसेल, कारण एवढे अंक पडद्यावर मावत नाहीत. पूर्ण उत्तर असं आहे : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकूण २१ अंक. फोनला यासाठी क्षणही लागला नाही. वहीत मांडून हातानं केलंत तरी अर्ध्या तासात होईल.

आता प्रश्न उलटा करू. समोर फक्त ती २१ अंकी संख्या आहे आणि ती कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारातून आली हे शोधायचं आहे. या प्रश्नाचं उत्तर मिळायला १९०३ साल उजाडावं लागलं. गंमत म्हणजे, असे अवयव आहेत हे १८७६ मध्येच सिद्ध झालं होतं. अवयव आहेत हे पक्कं, पण कोणते ते माहीत नाही, अशा अवस्थेत गणितज्ञांनी २७ वर्षं काढली.

‘आहेत हे कळणं’ आणि ‘सापडणं’ यांच्यातलं हेच अंतर आज तुमच्या आधारच्या क्यूआर कोडपासून सॉफ्टवेअर अपडेटपर्यंत अनेक गोष्टींचं रक्षण करतं. ते कसं, हे समजून घेण्यासाठी आधी या संख्येकडे पाहू.

ही संख्या आली कुठून?

२ ला २ नं एकूण ६७ वेळा मांडून गुणलं, म्हणजे २ चा ६७वा घात घेतला आणि त्यातून १ वजा केला, की ही संख्या मिळते. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारां मर्सेन हे १७व्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू. १६४४ मध्ये त्यांनी एक यादी दिली : २ चा अमुक घात वजा १ केल्यावर मूळ संख्या मिळते, असे घात म्हणजे २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. (मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि स्वतः सोडून कशानंच पूर्ण भाग जात नाही ती. शाळेत शिकलेली व्याख्या इथे पुरेशी आहे.)

मर्सेन यांनी एवढ्या मोठ्या संख्या तपासल्या असणं शक्यच नव्हतं. पुढे यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ चुकून आत आले होते. ६१, ८९ आणि १०७ चुकून बाहेर राहिले होते. पण या चुका निघायलाच दोनशेहून अधिक वर्षं गेली, यावरून काम किती अवघड होतं ते दिसतं.

६७ वरचा पहिला घाव घातला एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं, १८७६ मध्ये. त्यांनी दाखवलं की ही संख्या मूळ नाही. मात्र तिचा एकही अवयव ते सांगू शकले नाहीत.

अवयव न शोधता ‘मूळ नाही’ हे कळतं कसं?

इथे बहुतेकांची गाडी अडते. माझीही अडली होती. भाग जाणारी संख्या दाखवल्याशिवाय भाग जातो असं म्हणायचं कसं?

ल्युका यांच्या कल्पनेला १९३० च्या सुमारास अमेरिकी गणितज्ञ डी. एच. लेमर यांनी आजचं सुटसुटीत रूप दिलं. कृती अशी. ४ पासून सुरुवात करा. त्याचा वर्ग करा, २ वजा करा, आणि तपासायच्या मर्सेन संख्येनं भागून फक्त बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा हेच करा. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे केलं आणि शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर नाही. (२ हा एकच घातांक या नियमाला अपवाद.)

३१ घ्या, म्हणजे २ चा पाचवा घात वजा १. तीन पायऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४; ३१ नं भागल्यावर बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२. ३१ नं भागल्यावर बाकी शून्य. ३१ मूळ.

आता २०४७ घ्या, म्हणजे २ चा ११वा घात वजा १. नऊ पायऱ्या. बाक्या अशा येतात : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणजे २०४७ मूळ नाही. खरोखरच २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. पण वरच्या नऊ आकड्यांकडे पुन्हा बघा. त्यात २३ कुठे आहे? ८९ कुठे आहे? कुठेच नाही. चाचणीनं निकाल दिला, पुरावा मात्र हातात दिला नाही. ६७ च्या बाबतीत हीच परिस्थिती होती, फक्त आकडे २१ अंकी होते.

हे अंतर आज किती वाढलं आहे पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनव्हिडियाचे माजी कर्मचारी ल्यूक ड्युरंट यांनी ‘गिम्प्स’ या स्वयंसेवी प्रकल्पातून आजवरची सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या शोधली. २ चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. चार कोटींहून अधिक अंकांची संख्या मूळ आहे हे आपण ठामपणे सांगू शकतो. पण काहीशे अंकांची एखादी संख्या फोडा म्हटलं तर जगातले सगळे संगणक हात वर करतात.

मोठी म्हणजे अवघड, असं मात्र नाही

१२३४५६७८९८७६५४३२१. ही १७ अंकी संख्या फोडायला संगणक लागत नाही. ती १११११११११ (नऊ वेळा एक) या संख्येचा वर्ग आहे. त्यातले एक तीन-तीनच्या गटात पाडले की १११ गुणिले १००१००१ मिळतं. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७, आणि ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. झालं. सगळ्यांचा वर्ग केला की १७ अंकी संख्येचे सगळे मूळ अवयव हातात.

या कुळातल्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हणतात आणि हे नाव आपल्या डोंबिवलीवरून आलं आहे. देवळालीतल्या शाळेत शिकवणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना या संख्यांची कल्पना त्या स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी तेच नाव दिलं. (लोकलची वाट पाहताना आजही तिथे बराच वेळ मिळतो, पण तो वेगळा विषय.)

मुद्दा असा की संख्येत काही आकृतिबंध असेल तर ती फुटते. २ चा ६७वा घात वजा १ मध्येही एक आकृतिबंध होताच. कोल यांनी तोच पकडला.

फळ्यावरचा गुणाकार

फ्रँक नेल्सन कोल हे अमेरिकी गणितज्ञ. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत त्यांचा निबंध होता. त्या दिवसाची गोष्ट गणितज्ञ ई. टी. बेल यांनी पुढे लिहून ठेवली आहे. बेल यांना कथा रंगवायची सवय होती, हे लक्षात ठेवून ती वाचावी. त्यांच्या म्हणण्यानुसार कोल फळ्यापाशी गेले, काही न बोलता २ चा ६७वा घात काढून त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन सुरुवातीला दिलेल्या त्या दोन संख्यांचा गुणाकार हातानं केला. दोन्ही उत्तरं जुळली. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. एकानंही प्रश्न विचारला नाही. हे शोधायला किती वेळ लागला, असं बेल यांनी नंतर विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, तीन वर्षांचे रविवार.

(कोल यांच्या नावानं ही सोसायटी आजही पारितोषिक देते. संख्या सिद्धांतातल्या कामासाठीचं हे पारितोषिक २००८ मध्ये मंजुल भार्गव यांना आणि २०११ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये काम केलेल्या चंद्रशेखर खरे यांना, ज्याँ-पिएर विंतेनबर्जे यांच्यासह मिळालं.)

तीन वर्षांचे रविवार म्हणजे साधारण १५६ दिवस. रोज दहा तास धरले तरी दीड हजार तास. आता हिशेब करू. २१ अंकी संख्येचं वर्गमूळ सुमारे १,२१४ कोटी येतं. एकेक संख्या घेऊन भागत बसायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही. मग कोल यांनी काय केलं?

सगळ्या संख्या तपासायच्याच नाहीत

छोट्या उदाहरणावर पाहू. २ चे घात घ्या आणि प्रत्येकाला २३ नं भागून बाकी लिहा : २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीवर १ आला. पुढे परत २, ४, ८... असं चक्र सुरू होतं. अकराव्या पायरीवर बाकी १ येते याचाच अर्थ, २ चा ११वा घात वजा १ ला २३ नं पूर्ण भाग जातो.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा एक जुना नियम सांगतो की भाजक मूळ असेल तर त्याच्यापेक्षा एकनं कमी, म्हणजे इथे २२ पायऱ्यांनंतरही बाकी १ च यायला हवी. म्हणजे ११ चं चक्र २२ मध्ये पूर्ण वेळा बसलं पाहिजे. बसतं, दोनदा. ८९ चंही तसंच : ८८ मध्ये ११ आठ वेळा.

आता ११ च्या जागी ६७ ठेवा. आपल्या २१ अंकी संख्येचा जो कोणी मूळ अवयव असेल, त्यातून १ वजा केल्यावर ६७ नं भाग गेलाच पाहिजे. शिवाय अवयव विषम असणार, म्हणून १३४ नं भाग जायला हवा. म्हणजे उमेदवार फक्त १३५, २६९, ४०३, ५३७... अशा १३४ च्या टप्प्यानं येणाऱ्या संख्या. दर १३४ संख्यांपैकी १३३ न तपासताच बाद!

आणखी एक नियम : अवयवाला ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येऊ शकते. त्यानं उरलेल्यांपैकी निम्मे गेले. कोल यांचा लहान अवयव, १९३७०७७२१, हा या १३४ च्या रांगेत १४,४५,५८०वा आहे. निम्मे वगळले तर तिथपर्यंत सव्वासात लाखांच्या आसपास उमेदवार राहतात. त्यातून ३, ५, ७ नं भाग जाणारे काढले तरी सुमारे ३ लाख ३० हजार. मिनिटाला एक भागाकार या वेगानं ५,५०० तास. म्हणजे दहा वर्षांचे रविवार. अजून जुळत नाही.

उरलेलं अंतर कोल यांनी वर्गसंख्यांच्या बाक्या वापरून कापलं. एखादी छोटी संख्या मोठ्या संख्येच्या दृष्टीनं ‘कुठल्या तरी वर्गाची बाकी’ आहे असं सापडलं, की ती प्रत्येक अवयवाच्या दृष्टीनंही तशीच असावी लागते. ही अट उमेदवारांपैकी साधारण निम्म्यांनाच पाळता येते. अशी एक संख्या सापडली की निम्मे बाद, दुसरी सापडली की उरलेल्यातले निम्मे बाद. वीस प्रश्नांत मनातली गोष्ट ओळखायच्या खेळासारखंच हे. हीच कल्पना, खूप सुधारलेल्या रूपात, आजच्या संगणकीय पद्धतींच्याही मुळाशी आहे.

इथे थोडी माझी फजिती सांगतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हा किस्सा वाचून मी सी भाषेत प्रोग्राम लिहिला. संख्या मूळ आहे का, नसेल तर अवयव छाप. चालवला. उत्तर क्षणात आलं : ‘७ ही मूळ संख्या आहे.’ झालं असं की संगणकाचा सगळ्यात मोठा साधा पूर्णांक ६४ बिटांचा आणि मी त्याला ६७ घरं सरकायला सांगत होतो. त्यानं ६७ मधून ६४ गुपचूप टाकून दिले, ३ घरं सरकला, ८ झाले, त्यातून १ गेला, ७ उरले. कोल यांनी हातानं जी संख्या हाताळली ती माझ्या मशीनच्या खिशात मावतच नव्हती. नंतर पायथॉनमध्ये १३४ च्या टप्प्याची युक्ती वापरून लिहिला, तेव्हा साधारण सेकंदभरात १९३७०७७२१ समोर आला.

फोनचा याच्याशी काय संबंध?

सेकंदभरात होतं, मग प्रश्न संपला? नाही. अंक वाढवा.

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी या अवघडपणाचंच कुलूप बनवलं. त्यांच्या आडनावांवरून त्याला आरएसए म्हणतात. दोन प्रचंड मूळ संख्या गुप्तपणे निवडायच्या, त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. जाहीर संख्या वापरून कोणीही सही पडताळू शकतो किंवा निरोप कुलूपबंद करू शकतो. सही करणं किंवा कुलूप उघडणं मात्र ज्याला दोन अवयव माहीत आहेत त्यालाच जमतं.

आधारच्या सिक्युअर क्यूआर कोडमधल्या नाव-पत्त्यावर आणि फोटोवर यूआयडीएआयची २०४८ बिटांची डिजिटल सही असते ती याचसाठी. कोणी क्यूआरमधला पत्ता बदलला तर पडताळणी करणाऱ्या ॲपला ते लगेच कळतं, आणि नवी खोटी सही करायची तर ६१७ अंकी संख्या फोडावी लागते. (बऱ्याच वेबसाइट आता ‘इलिप्टिक कर्व्ह’ नावाचं वेगळं गणित वापरतात, पण सही आणि प्रमाणपत्रांमध्ये आरएसए अजून भरपूर आहे.)

किल्ली बनवतानाच्या गणितात मघाचं अंतर पुन्हा दिसतं. संगणक सुमारे ३०९ अंकी विषम संख्या यदृच्छेनं निवडतो आणि ती मूळ आहे का तपासतो. नसेल तर दुसरी. या आकाराच्या विषम संख्यांमध्ये सरासरी साडेतीनशेपैकी एक मूळ असते, त्यामुळे काही सेकंदांत काम होतं. अवयव न शोधता मूळ आहे की नाही हे ओळखता येतं म्हणून किल्ली बनते. अवयव शोधता येत नाहीत म्हणून ती टिकते. पहिली गोष्ट कोणत्याही संख्येसाठी खात्रीनं आणि झटपट करता येते, याची निर्विवाद सिद्धता २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी दिली. दुसऱ्या गोष्टीची सिद्धता कोणाकडेच नाही. फोडणं अवघडच आहे असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. आजवर सोपी रीत सापडलेली नाही, एवढंच. सगळा व्यवहार या ‘सापडलेली नाही’वर चालतो, हे मला अजूनही जरा अस्वस्थ करतं.

अंदाज चुकल्याचं उदाहरणही आहे. १९७७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या मार्टिन गार्डनर यांच्या सदरात १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून छापली गेली, बक्षीस १०० डॉलर. ती फोडायला ४ वर १६ शून्यं इतकी वर्षं लागतील असा तेव्हाचा अंदाज. लागली १७. १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून सुमारे १,६०० संगणक जोडून आठ महिन्यांत ती फोडली. ६४ आणि ६५ अंकी दोन मूळ संख्या निघाल्या. आत दडवलेल्या निरोपात हाडं फोडून खाणाऱ्या दाढीवाल्या गिधाडाचं नाव होतं आणि ते गिधाड म्हणे नाजूक पोटाचं! निरोपाला अर्थ नव्हता, तो नसावा हीच योजना होती.

त्या मालिकेतली २५० अंकी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फुटली. त्यासाठी लागलेलं काम एकाच प्रोसेसर कोअरवर करायचं तर सुमारे २,७०० वर्षं लागली असती. ६१७ अंकी आरएसए-२०४८ वर एकेकाळी २ लाख डॉलरचं बक्षीस होतं. २००७ मध्ये स्पर्धा बंद झाली, संख्या तशीच आहे.

कुलूप न फोडता घरात शिरणारे

प्रत्यक्षात धोका बऱ्याचदा निष्काळजीपणातून येतो. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा केल्या आणि त्यांच्यावर शाळेतलं गणित चालवलं : मसावि.

समजा एका राउटरची जाहीर संख्या ८६३३ आणि दुसऱ्याची ८९८९ आहे. दोन्ही सुट्या फोडायला वेळ लागेल. पण वजाबाकी करा : ३५६. ८६३३ ला ३५६ नं भागा, बाकी ८९. ३५६ ला ८९ नं भागा, बाकी शून्य. मसावि ८९. तीन ओळींत दोन्ही फुटल्या : ८९ गुणिले ९७ आणि ८९ गुणिले १०१. दोन्ही उपकरणांनी ८९ हीच मूळ संख्या निवडली, ही चूक. मसावि काढायला ६१७ अंकी संख्यांनाही वेळ लागत नाही.

त्या पाहणीत सुरक्षित जोडणी देणाऱ्या यंत्रणांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याच्या गुप्त किल्ल्या अशा रीतीनं उघड झाल्या. त्यातली बहुतेक राउटर, फायरवॉल यांसारखी छोटी उपकरणं होती. सुरू झाल्या झाल्या, पुरेशी यदृच्छा जमा व्हायच्या आतच त्यांनी किल्ली बनवली होती.

क्वांटम संगणक आले की?

१९९४ मध्येच पीटर शोर यांनी दाखवलं की क्वांटम संगणकाला मोठ्या संख्या झटपट फोडता येतील. मूळ कल्पना वर पाहिलेल्या चक्राचीच. १५ फोडायची आहे असं समजा. ७ चे घात घेऊन १५ नं भागत जा : ७, ४, १३, १. चक्र चार पायऱ्यांचं. त्याच्या मध्यावर ४ आहे. त्यात १ कमी केला तर ३, १ मिळवला तर ५. अवयव सापडले. मोठ्या संख्येचं चक्रही अवाढव्य असतं, साध्या संगणकाला त्याची लांबी मोजवत नाही. क्वांटम संगणकाला ती मोजता यावी, असं हे गणित आहे. २००१ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी ७ क्युबिटवर नेमकी १५ हीच संख्या फोडून दाखवली.

१५ पासून ६१७ अंकांपर्यंतचा पल्ला लांब आहे. पण अंदाज खाली येत आहेत. २०१९ मध्ये आरएसए-२०४८ साठी २ कोटी क्युबिट लागतील असा हिशेब मांडला गेला होता. मे २०२५ मध्ये गूगलचे क्रेग गिडनी यांनी दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ, असा नवा हिशेब दिला. भारताच्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं उद्दिष्ट आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे संगणक हे आहे, यावरून प्रमाण लक्षात यावं.

तरीही घाई आहे, कारण आज कुलूपबंद केलेली माहिती कोणी साठवून ठेवली तर दहा-पंधरा वर्षांनी ती उघडता येईल. आरोग्याच्या नोंदी किंवा सरकारी कागदपत्रं तेव्हाही गुप्तच राहायला हवीत. म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर अवलंबून नसलेली तीन नवी मानकं जाहीर केली. फोन आणि ब्राउझर हळूहळू तिकडे वळत आहेत. तुम्हाला त्यासाठी वेगळं काही करायचं नाही. अपडेट टाळू नका, इतकंच.

आजची ‘६७’

कोल यांच्या संख्येची जागा आज २ चा १२७७वा घात वजा १ या संख्येनं घेतली आहे. ३८५ अंक. तिची शेजारीण, २ चा १२७९वा घात वजा १, मूळ आहे हे राफाएल रॉबिन्सन यांनी १९५२ मध्ये संगणकावर दाखवलं. १२७७ ची मात्र ल्युका-लेमर चाचणीत बाकी शून्य येत नाही, म्हणजे ती मूळ नाही हे पक्कं. तिचे अवयव कोणते? एकही माहीत नाही. ज्यांचा एकही अवयव ठाऊक नाही अशा संयुक्त मर्सेन संख्यांमध्ये ती सर्वात लहान आहे. गिम्प्सचे हौशी सभासद वर्षानुवर्षं तिच्यावर यंत्रं लावून बसले आहेत. उमेदवार कुठे शोधायचे हे आता तुम्हालाही सांगता येईल : १२७७ ची दुप्पट २५५४, म्हणून २५५५, ५१०९, ७६६३... या रांगेत कुठेतरी.